वार्धक्य की निष्क्रियता? : व्यायाम-शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना :
वाढत्या वयाबरोबर माणसाची शक्ती घटते, हे सर्वमान्य आहे. ‘वयोमानाप्रमाणे व्हायचेच’ असे म्हणून ही घट आपण सहज स्वीकारतो. मात्र तीत वयाचा वाटा किती आणि थांबलेल्या हालचालीचा किती, हा प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आणता येतो. प्रस्तुत लेखात या संदर्भातील दोन प्रयोगांचा व एका परिषदेचा परामर्श घेतला आहे.

डॅलस येथील प्रयोग :
१९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सक्तीने अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. कमाल श्रम करताना शरीर मिनिटाला जेवढा ऑक्सिजन वापरू शकते, ते प्रमाण ३.३ लिटरवरून २.४ लिटरवर आले. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ते २.९ लिटर होते. म्हणजे तीस वर्षांच्या वयोवाढीने जेवढे नेले, त्याच्या दुपटीहून अधिक तीन आठवड्यांच्या विश्रांतीने नेले होते. पुढे सहा महिन्यांच्या व्यायामाने ही तीस वर्षांची घट भरून निघाली. परंतु हृदयाची कमाल रक्तक्षेपणक्षमता वाढली नव्हती. स्नायू रक्तातून अधिक ऑक्सिजन घेऊ लागले होते. तरुणपणी व्यायामानंतर गाठलेली पातळी कोणालाही पुन्हा गाठता आली नाही. शिवाय पन्नाशी ते साठी या एका दशकातील घट आधीच्या तीस वर्षांतील घटीहून मोठी निघाली. वयाचा वाटा नाकारता येत नाही, तो असा. पाचच व्यक्ती आणि त्याही पुरुष, ही या प्रयोगाची मर्यादा लक्षात ठेवावयास हवी.

एका शब्दाचा जन्म :
स्नायूंच्या वयोपरत्वे ऱ्हासाला १९८८ पर्यंत स्वतंत्र नावच नव्हते. त्या वर्षी अमेरिकेतील अल्बुकर्क येथे वृद्धांचे पोषण व आरोग्य यांच्या मोजमापावर परिषद भरली. आयर्विन रोझेनबर्ग यांनी तेथे असे मत मांडले की, या ऱ्हासाकडे लक्ष वेधायचे तर त्याला ग्रीक नाव हवे. ‘सार्कोमलेशिया’ व ‘सार्कोपेनिया’ या दोन पर्यायांपैकी दुसरा रूढ झाला. ‘सार्क्स’ म्हणजे मांस, ‘पेनिया’ म्हणजे दारिद्र्य. मराठीत ‘स्नायुक्षय’ म्हणावे, तर तो शब्द इतर विकारांसाठीही वापरला जातो. तेव्हा मूळ संज्ञाच ठेवणे इष्ट.

नव्वदीतील व्यायाम :
१९९० मध्ये प्रसिद्ध झालेला मारिया फियातारोने व सहकाऱ्यांचा बोस्टन येथील प्रयोग या चर्चेत अधिक महत्त्वाचा वाटतो. वृद्धसेवा संस्थेत राहणाऱ्या, सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा व्यक्तींना आठ आठवडे पायांनी जड वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. मांडीच्या स्नायूंचे क्षेत्रफळ मात्र ९ टक्क्यांनीच वाढले. ही तफावत अर्थपूर्ण आहे. आरंभीची वाढ बव्हंशी मज्जासंस्था असलेल्याच स्नायुतंतूंना अधिक कार्यक्षमतेने कामाला लावते म्हणून होते. व्यायाम थांबवल्यानंतर चारच आठवड्यांत कमाल ताकद ३२ टक्क्यांनी घटली, हेही नोंदले पाहिजे.

निदानातील बदल :
त्यामुळे केवळ स्नायूंचे वस्तुमान मोजणे अपुरे ठरते, हे पुढे मान्य झाले. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये मुठीच्या पकडीची ताकद पुरुषांत २८ किलोग्रॅमपेक्षा व स्त्रियांत १८ किलोग्रॅमपेक्षा कमी असल्यास ती क्षीण मानावी, असे ठरविले. ती मोजण्यासाठी लागणारा पकडमापक शारीरिक शिक्षण विभागाला अपरिचित नाही. तो खेळाडूंच्या चाचणीपुरताच का वापरावा, असा प्रश्न पडतो. परिसरातील ज्येष्ठांची मोजणी त्याच उपकरणाने, एका दुपारीही, सुरू करता येईल.