मेज, पत्र आणि मौन : जेफरसन-रँडॉल्फ घराण्याच्या पत्रव्यवहाराचे वाचन

कौटुंबिक पत्र हा वाङ्मयप्रकार की केवळ इतिहासाचे साधन, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासात वारंवार उपस्थित होतो. छपाईसाठी लिहिलेल्या संहितेला अज्ञात वाचक अभिप्रेत असतो; कौटुंबिक पत्राला मात्र एकच, नाव असलेला वाचक असतो, आणि त्याला काय ठाऊक आहे हे लिहिणाऱ्याला माहीत असते. म्हणूनच जे सांगण्याची गरज नाही आणि जे सांगता येत नाही, अशा दोन्ही गोष्टी पत्रात सारख्याच अनुपस्थित असतात. या दोन मौनांतील भेद ओळखणे हे अशा पत्रांच्या वाचनातील खरे आव्हान होय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकेतील मळेमालक कुलीनांचा पत्रव्यवहार या दृष्टीने विशेष बोलका आहे. त्यातही व्हर्जिनियातील माँटिसेलो येथील टॉमस जेफरसन (१७४३–१८२६), त्यांची कन्या मार्था जेफरसन रँडॉल्फ (१७७२–१८३६) आणि नात एलन (१७९६–१८७६) या तीन पिढ्यांची पत्रे हा एक सलग, पुष्कळसा सुरक्षित राहिलेला संग्रह आहे.

पत्रलेखन : कुलीनत्वाचे शिक्षण

या वर्गात पत्र लिहिणे ही भावनेची ऊर्मी असण्याआधी शिस्त होती. पत्नीच्या निधनानंतर वर्षभराने, २८ नोव्हेंबर १७८३ रोजी जेफरसन यांनी ॲनापोलिसहून फिलाडेल्फियात शिकणाऱ्या अकरा वर्षांच्या मार्थेला दिवसाचे तासवार वेळापत्रक लिहून पाठवले. संगीत, नृत्य, चित्रकला, फ्रेंच आणि इंग्रजी वाचन यांच्या जोडीला पत्रलेखनालाही त्यात ठरावीक वेळ होता. प्रत्येक टपालाने पत्र यावे आणि शुद्धलेखनात चूक नसावी, अशी त्यांची अपेक्षा होती. वात्सल्य आणि परीक्षा येथे एकाच वाक्यात नांदतात.

हीच रीत पुढे नातवंडांपर्यंत पोहोचली. १८०१ ते १८०९ या अध्यक्षपदाच्या काळात वॉशिंग्टनहून नातींना पाठवलेल्या पत्रांत फुलझाडांचे कंद, बँटम जातीच्या कोंबड्या आणि वाचलेली पुस्तके यांचे विषय येतात. १८०५ मध्ये आठ वर्षांच्या एलनला त्यांनी विनोदाने चक्क एक हिशेब पाठवला. दर तीन आठवड्यांनी एक पत्र हे नातीचे देणे धरून थकलेली पत्रे तिच्या नावे टाकलेली होती. मराठीतील ‘पत्रव्यवहार’ या शब्दातील ‘व्यवहार’ जणू येथे शब्दशः अवतरला आहे. प्रेम हे देणे आहे, ते मोजता येते आणि चुकवले तर त्याची नोंद राहते. मळ्याच्या वहीखात्यात वाढलेल्या वर्गाने स्नेहासाठीही वहीखात्याचीच भाषा वापरावी, हे लक्षणीय आहे.

पत्रांची भौतिक व्यवस्था

पत्रांच्या आशयाइतकीच त्यांची भौतिक बाजू महत्त्वाची ठरते. तेव्हाचा टपालदर अंतर आणि कागदांची संख्या यांवर ठरे, आणि बहुधा तो पत्र मिळणाऱ्याला भरावा लागे. कागदांच्या संख्येवर दर ठरवण्याची रीत १८४५ च्या सुधारणेपर्यंत टिकली. पाकिटे प्रचारात नसल्याने लिहिलेला कागदच घडी घालून चिकटवला जाई. कागद जितका कमी तितका खर्च कमी. म्हणून समासापर्यंत भरलेली पत्रे या काळात सर्रास आढळतात. माजी अध्यक्ष या नात्याने जेफरसन यांना केवळ सहीच्या बळावर विनामूल्य पत्रे पाठवण्याची सवलत होती. घराण्याचा पत्रव्यवहार विपुल असण्यात अशा सवलतीचाही वाटा होता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट प्रतींची. जेफरसन १८०४ पासून पॉलिग्राफ नावाचे यंत्र वापरू लागले. त्यात दोन लेखण्या एकमेकींना जोडलेल्या असत, आणि एकीने लिहिलेले दुसरी त्याच क्षणी दुसऱ्या कागदावर उतरवी. शिवाय १७८३ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंदवही ठेवली. त्यांनी लिहिलेल्या पत्रांची संख्या सुमारे १९,००० मानली जाते. एवढा मोठा संग्रह टिकला तो केवळ थोर पुरुषाच्या कीर्तीमुळे नव्हे. जपून ठेवण्याची साधने, जागा आणि नोकरचाकर ज्यांच्यापाशी होते त्यांच्या घरात तो निर्माण झाला, म्हणूनही. ‘दप्तर’ ही संपत्तीच होय.

बुडालेले मेज

मे १८२५ मध्ये एलनचा विवाह जोसेफ कूलिज यांच्याशी झाला आणि ती बॉस्टनला गेली. तिचे सामान समुद्रमार्गे पाठवले होते. ते जहाजासह बुडाले. त्यात तिच्यापाशी साठलेली पत्रे, टिपणे आणि पुस्तके होती, तसेच माँटिसेलोतील सुतार जॉन हेमिंग्ज याने तिच्यासाठी केलेले लिहिण्याचे मेजही होते. हेमिंग्ज हा जेफरसन यांचा गुलाम, निष्णात कारागीर आणि साक्षर मनुष्य होता. १४ नोव्हेंबर १८२५ च्या पत्रात जेफरसन यांनी नातीला त्याच्या दुःखाचे वर्णन कळवले. दृष्टी मंदावल्याने तसे दुसरे मेज करणे त्याला आता शक्य नव्हते. भरपाई म्हणून जेफरसन यांनी जे लहान मेज कूलिज यांना दिले, त्यावर १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला गेला होता. कूलिज यांच्या वारसांनी १८८० मध्ये ते राष्ट्राला अर्पण केले.

या प्रसंगातील अदलाबदल विचार करण्याजोगी आहे. गुलामाच्या हातचे मेज समुद्रात गेले; त्याच्या जागी समतेचा उच्चार ज्यावर झाला ते मेज आले आणि संग्रहालयात पोहोचले. पहिल्या मेजाची स्मृती उरली ती मालकाच्या पत्रात. एलनपाशी असलेली पत्रे बुडाली, तरी तिला लिहिलेल्या पत्रांच्या प्रती माँटिसेलोत राहिल्या. हेमिंग्जच्या दुःखाला मात्र तशी त्याच्या स्वतःच्या हातची प्रत नाही.

त्याच वर्षी झालेली आणखी एक देवघेव येथे पाहावी लागते. न्यू इंग्लंडमधील गावांची भरभराट पाहून एलनने १ ऑगस्ट १८२५ रोजी आजोबांना लिहिले, आणि गुलामगिरी ही दक्षिणेला लागलेली कीड असल्याचे सुचवले. २७ ऑगस्टच्या उत्तरात जेफरसन यांनीही निसर्गाने उदार हस्ते दिलेल्या प्रदेशावरचा तो एक घातक डाग असल्याचे मान्य केले. म्हणजे या पत्रांत गुलामगिरीविषयी संपूर्ण मौन नाही. तत्त्व म्हणून ती उच्चारली जाते; घरातील माणसांचे नाते म्हणून मात्र नाही.

दुसऱ्या हातची पत्रे

या संग्रहाच्या कडेला काही निराळी पत्रे आहेत. पॉप्लर फॉरेस्ट या जेफरसन यांच्या दुसऱ्या मळ्यावरील हॅना नावाच्या गुलाम स्त्रीचे १५ नोव्हेंबर १८१८ चे पत्र त्यांपैकी एक. घर नीट असल्याची ग्वाही, मालकाच्या आजाराबद्दल खेद आणि ईश्वराचे स्मरण ठेवण्याचा उपदेश असा त्याचा आशय आहे. मायना आणि मजकूर यांत सेवकाची मर्यादा आहे. परंतु उपदेश करण्याचा अधिकारही ती सहज घेते. जॉन हेमिंग्जनेही पॉप्लर फॉरेस्टहून कामाचे वृत्त जेफरसन यांना लिहिले, तसेच ऑगस्ट १८२५ मध्ये त्यांची अकरा वर्षांची नात सेप्टिमिया हिला पत्र पाठवले. ही पत्रे ‘कौटुंबिक’ म्हणावीत काय? वर्गीकरणाचा हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण कुटुंबाची व्याख्या कोणी केली, हाच त्याचा गाभा आहे.

सॅली हेमिंग्ज ही जॉनची बहीण. तिच्या मुलांचे पितृत्व जेफरसन यांच्याकडे जात असल्याच्या प्रवादाचे खंडन करणारे पत्र एलनने २४ ऑक्टोबर १८५८ रोजी पतीला लिहिले आणि पितृत्व जेफरसन यांच्या भाच्याकडे वळवले. याउलट सॅलीचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये ओहायोतील वृत्तपत्रात आपण जेफरसन यांचे पुत्र असल्याचे सांगितले. अक्षरओळख आपण त्या घरातील गोऱ्या मुलांकडून करून घेतली, असेही त्याने नमूद केले. १९९८ च्या जनुकीय चाचणीत सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाचा दुवा जेफरसन घराण्याशी जुळला, भाच्यांच्या घराण्याशी जुळला नाही. माँटिसेलोची व्यवस्था पाहणाऱ्या प्रतिष्ठानच्या २००० च्या अहवालाने जेफरसन यांचे पितृत्व अत्यंत संभाव्य ठरवले. अधिक पत्रे मागे ठेवणाऱ्याची साक्ष अधिक खरी असतेच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

समारोप

जुलै १८२६ मध्ये जेफरसन वारले. मृत्युपत्राने पाच जण मुक्त झाले. त्यांत जॉन हेमिंग्ज, मॅडिसन आणि एस्टन होते. कर्जफेडीसाठी जानेवारी १८२७ मध्ये मळ्यावरील उरलेल्या गुलामांचा लिलाव झाला. ज्या पत्रांत विरहाची व्याकुळता इतक्या नजाकतीने व्यक्त झाली, त्याच घराच्या अंगणात इतर कुटुंबांची ताटातूट लिलावाच्या बोलीने झाली.

यावरून त्या पत्रांतील वात्सल्य खोटे होते असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे ठरेल. ते खरे होते. आणि ते कोणापर्यंत पोहोचावे याची सीमाही तितकीच खरी होती. पत्रवाङ्मयाच्या अभ्यासकाने लिहिणारा आणि वाचणारा यांच्या जोडीला तिसऱ्याचाही शोध घ्यावा लागतो, तो मेज घडवणाऱ्याचा. माँटिसेलोच्या बाबतीत त्या तिसऱ्यालाही लिहिता येत होते, आणि त्याची थोडी का होईना पत्रे उरली आहेत. ती या संग्रहाची पुरवणी म्हणून नव्हे, तर त्याचाच भाग म्हणून वाचली गेली पाहिजेत.