एच.आय.व्ही. निदानानंतर : उपचार, आधार आणि कायदा

गोव्यातील डॉमिनिक डिसोझा हे नियमित रक्तदाते होते. 1989 साली त्यांच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळला, तेव्हा त्यांना औषध नव्हे, कोठडी मिळाली. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तत्कालीन तरतुदीनुसार त्यांना 64 दिवस एकटे डांबून ठेवण्यात आले. त्यांच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. 1992 साली डॉमिनिक यांचे निधन झाले. त्या काळी निदान म्हणजे शेवट असे समजले जाई. आज वस्तुस्थिती बदलली आहे, परंतु समाजातील भीती तितकी बदललेली नाही. म्हणूनच निदानानंतर नेमके काय करावे, हे प्रस्तुत लेखात थोडक्यात मांडले आहे.

पहिली पायरी निदान पक्के करण्याची. सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आय.सी.टी.सी.मध्ये, ही तपासणी मोफत होते. एका चाचणीवरून 'बाधित' असा निष्कर्ष काढला जात नाही. वेगवेगळ्या तीन चाचण्यांनी खात्री केली जाते. चाचणीपूर्वी व नंतर समुपदेशक रुग्णाशी एकांतात बोलतो. खाजगी प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्यावर खचून न जाता प्रथम या केंद्रात जावे.

दुसरी पायरी ए.आर.टी. केंद्रात नोंदणीची. भारत सरकारने 1 एप्रिल 2004 पासून हे उपचार मोफत सुरू केले. पूर्वी सीडी-4 पेशींची संख्या ठराविक पातळीखाली येईपर्यंत थांबावे लागे. 2017 पासून ती अट राहिलेली नाही. निदान होताच औषध सुरू करता येते. त्याआधी क्षयरोगाची लक्षणे तपासली जातात, कारण एच.आय.व्ही. बाधितांच्या मृत्यूचे ते एक प्रमुख कारण आहे. बहुतेक प्रौढांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत, दिवसातून एकदा दिली जातात.

औषध जन्मभर व न चुकता घ्यायचे असते. मधेच सोडल्यास विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. गोळी दिवसातून एकदाच असल्याने रमजानमध्येही ती इफ्तारनंतर किंवा सहरीच्या वेळी घेता येते. मात्र वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे; रोजा आहे म्हणून औषध बंद करू नये. कामधंद्यासाठी दुसऱ्या शहरात जावे लागल्यास केंद्राकडून बदलीचे पत्र घ्यावे, म्हणजे तेथेही उपचार चालू राहतात.

औषधाचा परिणाम रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजून कळतो. ते न सापडण्याइतके घटून तसेच टिकून राहिले तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे. गरोदर मातेने वेळेवर उपचार घेतल्यास बाळाला संसर्ग होण्याची शक्यता फार कमी होते. एका ताटात जेवल्याने, एका घरात राहिल्याने अथवा हस्तांदोलनाने हा रोग पसरत नाही. तेव्हा घरात भांडी वेगळी करण्याचे काहीही कारण नाही.

तिसरा आधार कायद्याचा. 2017 चा एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करणे, नोकरी, शिक्षण, उपचार वा घरभाडे यांत भेदभाव करणे त्याने निषिद्ध ठरते. कायद्यात सांगितलेले अपवाद वगळता रुग्णाची माहिती त्याच्या संमतीविना उघड करता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. तक्रारीसाठी राज्याने लोकपाल नेमावयाचा असून 1097 या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.

औषध सरकार देऊ शकते, संरक्षण कायदा देऊ शकतो. परंतु रुग्ण केंद्राच्या दारापर्यंत पोहोचेल की लाजेपोटी घरातच कुढत बसेल, हे बहुतांशी त्याच्या घरच्यांवर व शेजाऱ्यांवर अवलंबून असते. डॉमिनिक यांना जे एकटेपण कायद्याने दिले, ते आज आपण आपल्या वागण्याने कोणास देऊ नये.