जुनी डिस्क काढली आणि संगणक उठेना

सांगलीच्या एका वाचकाचे पत्र आले आणि त्यातली अडचण इतक्या घरांत घडते की तिला इथे जागा देणे भाग पडले.

पत्रलेखक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचा संगणक विंडोज ७ च्या काळातला. तो फारच मंदावला म्हणून त्यांनी २४० जीबीची एसएसडी आणली, भाच्याने तिच्यावर विंडोज १० टाकून दिले. जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क फोटोंसाठी आतच राहिली. काही महिन्यांनी ती कटकट आवाज करू लागली, तेव्हा गुरुजींनी फोटो काढून घेतले आणि डिस्कची केबल सोडवली. बटण दाबले, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ : ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. दुकानदार म्हणाला, एसएसडी गेली, निदान फॉरमॅट तरी मारावे लागेल. गुरुजींचा प्रश्न सरळ आहे : विंडोज एसएसडीवर आहे, मग जुनी डिस्क काढल्याने ते का अडावे?

एसएसडी गेलेली नाही. विंडोजही शाबूत आहे. फॉरमॅट मारण्याचे काडीइतकेही कारण नाही, आणि हे दुकानात शिरण्याआधी प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

बटण दाबल्यावर जागा होतो तो मदरबोर्डवरचा बायोस. त्याला विंडोज कशाशी खातात ते माहीत नसते. क्रमाने पहिल्या डिस्कचे सुरुवातीचे ५१२ बाइट तो वाचतो, बस्स. त्यातले ४४६ बाइट एका चिमुकल्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदींसाठी आणि शेवटचे दोन बाइट ओळखखूण म्हणून. ही मांडणी १९८३ ची, पीसी डॉस २.० आणि आयबीएमच्या १० एमबी डिस्क असलेल्या पीसी एक्सटीबरोबर आलेली. तो चिमुकला प्रोग्रॅम ‘ॲक्टिव्ह’ अशी खूण असलेले पार्टिशन शोधतो, तिथून बूट मॅनेजर उठतो, तो आपली यादी वाचतो आणि विंडोज कुठल्या डिस्कवर आहे ते पाहतो. विंडोजची पाळी इतक्या उशिरा येते.

नव्या यूईएफआय पद्धतीत ५१२ बाइटांची कसरत उरली नाही. तिथे बूटच्या फायलींसाठी साधारण १०० एमबीचे, एफएटी३२ पद्धतीचे वेगळे पार्टिशन असते आणि त्याचा पत्ता मदरबोर्ड स्वतःच्या स्मृतीत लिहून ठेवतो.

आता खरी मेख. विंडोज टाकताना ‘कुठे टाकू?’ असे विचारले जाते, पण ते फक्त विंडोजच्या फोल्डरपुरते. बूटच्या फायली कुठे ठेवायच्या हे इन्स्टॉलर आपल्या मनाने ठरवतो. दुसऱ्या डिस्कवर त्या कामाचे पार्टिशन आधीपासून असेल, तर अनेकदा तो तेच वापरतो आणि नव्या डिस्कवर काही बनवत नाही. गुरुजींच्या जुन्या डिस्कवर विंडोज ७ ने केलेले १०० एमबीचे ‘सिस्टम रिझर्व्ह्ड’ पार्टिशन होते. नव्या विंडोजच्या बूट फायली तिथेच जाऊन बसल्या. रोज सकाळी संगणक जुन्या डिस्कवरून उठत होता आणि मग एसएसडीवर उडी मारत होता. एका ओळीचा प्रश्न विचारला असता तर हे टळले असते. इतक्या वर्षांत इन्स्टॉलरमध्ये तो प्रश्न आला नाही, हे खटकते. म्हणून नव्या डिस्कवर विंडोज टाकताना बाकीच्या सगळ्या डिस्कच्या केबली काढून ठेवाव्यात.

पण घडून गेल्यावर काय? जुनी डिस्क चालू स्थितीत असेल, तर ती पुन्हा जोडावी. संगणक निमूट उठतो. मग ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून ‘सिस्टम’ हा शब्द कुठल्या डिस्कच्या चौकटीत आहे ते बघावे. बूटच्या फायली तिथे असतात. ‘बूट’ असे लिहिलेल्या चौकटीत मात्र विंडोज असते, तिथे फसू नये.

गुरुजींसारखा जुन्या पद्धतीचा संगणक असेल, तर काम छोटे आहे. एसएसडीवरच्या सी पार्टिशनवर राइट क्लिक करून ते ‘ॲक्टिव्ह’ करावे. मग ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘बीसीडीबूट’ चालवावे. त्याला तीन गोष्टी सांगायच्या : विंडोजचा फोल्डर कुठला, बूटच्या फायली कुठल्या अक्षराच्या ड्राइव्हवर ठेवायच्या, आणि पद्धत बायोस की यूईएफआय. यूईएफआय असेल तर आधी सी थोडे आक्रसून ‘डिस्कपार्ट’मध्ये १०० एमबीचे ईएफआय पार्टिशन करावे लागते. डिस्कपार्टमध्ये डिस्कचा क्रमांक आकार पाहून दोनदा ताडून पाहावा, तिथे चूक माफ नसते. डिस्कला कुलूप लावणारा बिटलॉकर चालू असेल तर तो आधी तात्पुरता थांबवावा, नाहीतर पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाईल.

जुनी डिस्क साफ मेली असेल, तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ‘रिपेअर’मधल्या कमांड प्रॉम्प्टमधून हेच करता येते. फक्त तिथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. रोजचा सी तिथे डी म्हणून भेटला तर गडबडू नये.

डिस्क काढल्यावर रुसण्याचा हा आजार तसा जुना, आणि त्याचा आधीचा अवतार फारच मजेदार. आयडीई डिस्कच्या काळात एका ४० पिनी पट्टीवर दोन डिस्क बसत, एक मास्टर आणि दुसरी स्लेव्ह. कोण कोणते ते मागच्या पिनांवरच्या इवल्याशा जंपरने ठरे. इतर अनेक कंपन्यांच्या डिस्कवर मास्टर आणि एकटी डिस्क यांसाठी जंपरची जागा एकच. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कवर मात्र दोन वेगळ्या जागा होत्या : सोबतीला स्लेव्ह असेल तर मास्टर, आणि एकटी असेल तर ‘सिंगल’. स्लेव्ह काढून टाकला आणि जंपर मास्टरवरच राहिला, की उरलेली धडधाकट डिस्क बायोसला दिसेनाशी होई. उपाय डिस्कच्या लेबलवरच छापलेला असे, पण लेबल कॅबिनेटच्या आत. २००३ च्या सुमारास साटा आली, एका केबलला एक डिस्क झाली आणि जंपरचे हे प्रकरण मिटले.

उबंटूसारखी लिनक्स वापरणाऱ्यांना डिस्क काढल्यावर वेगळाच अनुभव येतो. संगणक उठू लागतो, मध्येच साधारण दीड मिनिट थबकतो आणि ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जातो. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी ‘एफस्टॅब’ नावाच्या फायलीत असते आणि काढलेल्या डिस्कची ओळ तिथे तशीच उरलेली असते. ती खोडली की झाले. अधूनमधून काढावी लागणारी डिस्क असेल, तर तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय लिहून ठेवावा. मग ती जागेवर नसली तरी लिनक्स अडून बसत नाही.