आधी बाजार, मग बेत

आमच्या घरातील भाजीची पिशवी माझ्या हाती आली, त्याला आता चार वर्षे झाली. त्यापूर्वी ती सासूबाईंकडे असे. गुडघ्यांनी जिना उतरण्याचे साफ नाकारले तेव्हा त्यांनी ती माझ्या स्वाधीन केली, आणि करताना चेहरा असा केला की जणू घरच्या किल्ल्यांचा जुडगाच देत आहेत! वर्गावर टाचण घेऊन जाणाऱ्या माणसाला यादीवाचून चैन पडत नाही. मी आठवड्याचे वेळापत्रकच आखले. सोमवारी फ्लॉवर, मंगळवारी गवार, बुधवारी गाजराची कोशिंबीर. श्रावणाचे दिवस होते. गाजरे मिळाली, हल्ली सगळेच बारमाही मिळते. पण त्यांना ना रंग होता ना गोडी. सासूबाईंनी एक गाजर मोडून पाहिले आणि विचारले, "कर्टोली नव्हती आली?" आली होती. टोपलीभर होती. यादीत नव्हती म्हणून मी तिच्याकडे पाहिलेदेखील नव्हते.

"अगं, बाजारात काय आलंय ते बघायच्या आधीच बेत कसा केलास? आधी बाजार, मग बेत."

पुण्याच्या माणसापुढे बाजार म्हटला की मंडई उभी राहते. 1886 साली ती उघडली तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. 1938 साली ती महात्मा फुले मंडई झाली. गंमत अशी, की नगरपालिकेचे सभासद असताना या बाजाराच्या खर्चाला विरोध करणाऱ्यांत फुले होते. हा पैसा शिक्षणाकडे लागावा असे त्यांचे म्हणणे. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्याचे नाव भाजीबाजाराला मिळाले हे मात्र मला मनापासून आवडते. पण मी सांगते आहे ती मंडईची नव्हे, आमच्या भागातील रविवारच्या शेतकरी बाजाराची हकीकत. 2016 साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला, आणि अशा थेट विक्रीला वाव मिळाला. सरकारने या आठवडे बाजारांना संत सावता माळ्यांचे नाव दिले. मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या माणसाचे नाव याहून कोठे शोभले असते?

या बाजारात सगळे मिळत नाही, हाच त्याचा मोठा गुण. पुरंदरचा मटार आला की चार-पाच जणांकडे मटारच. अशा वेळी तो खुशाल दोन किलो घ्यावा, पण सोलायला त्याच दिवशी बसावे. शेंग तोडल्यापासून दाण्यातील साखरेचे पिठात रूपांतर होऊ लागते. सकाळी तोडलेला मटार रात्री नुसत्या जिऱ्या-खोबऱ्यावर परतला तरी गोड लागतो. तोच तीन दिवस राहिला की त्याला मसाल्याची कुबडी लागते. माझा आठवडा आता वारांवर चालत नाही, भाजीच्या आयुष्यावर चालतो. पहिले दोन दिवस पालेभाज्यांचे. मग शेंगा, मग वांगी-दोडकी. भोपळा, सुरण, रताळी ही मंडळी शांत स्वभावाची; त्यांना शनिवारपर्यंत थांबायला सांगितले तरी ती रागावत नाहीत.

आपल्या सणांनी हे सारे आपल्याआधीच ओळखले होते, हे सासूबाईंच्या हाताखाली काम करू लागल्यावर उमगले. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून भाद्रपदातील परसातले जे जे, अळू, लाल माठ, पडवळ, भेंडी, मक्याचे कणीस, ते एका पातेल्यात येते. त्यात चिंच पडते ती केवळ चवीसाठी नव्हे. अळूत आणि सुरणात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला खाजतात. आंबटाने तो त्रास कमी होतो. चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा पानात येतात, आणि तोवर थंडीतील वांग्याला खरी चव आलेली असते. भोगीची भाजी तर पौषातल्या बाजाराची वार्षिक सभाच! पावटा, ओला हरभरा, वांगी, गाजर, बोरे, उसाचे करवे, भुईमुगाचे दाणे, वर तिळाचे कूट. आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी.

पण ज्या भाजीसाठी लेखणी हातात घेतली ती वेगळीच. चाकवत.

बाजाराच्या अगदी टोकाला सासवडकडच्या एक मावशी बसतात. मेथी-कोथिंबिरीच्या राशीमागे, जरा लपवल्यासारख्या, त्यांच्याकडे चाकवताच्या चार-सहा जुड्या असत. गेल्या माघात मी एक उचलली, तर म्हणाल्या, "घ्या ताई, सगळ्याच घ्या. पुढल्या साली न्हाई टाकायचा वाफा. मागनारंच कुनी ऱ्हायलं न्हाई. येत्यात ती कोथमीर, टमाटं घेऊन जात्यात."

मी गप्प झाले. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, चाकवत कोणी खाल्ला आहे? तीन हात वर झाले, तिन्ही खेड्यातून आलेल्या मुलांचे. बाकीच्यांना तो शब्द एखाद्या पोथीतला वाटला. त्याच मुलींपैकी काही जणी डबीत किन्वाची कोशिंबीर आणतात. आता हा किन्वा म्हणजे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला चाकवताचा सख्खा चुलतभाऊ, एकाच वनस्पती-प्रजातीगटातला. तो चकचकीत पाकिटातून येतो म्हणून त्याला मान, आणि आपला येथला भाऊ मेथीच्या ढिगाआड तोंड लपवून बसलेला!

त्या दिवशी सहाही जुड्या घेऊन मी घरी आले. सासूबाईंनी खुर्चीतूनच परात मागितली. पाने खुडून, चार पाण्यांतून धुऊन, मूठभर हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाण्यांसह शिजवायची. डाळ-दाणे आधी भिजलेले हवेत. शिजलेली पाने गरम असतानाच घोटावीत. गार झाल्यावर घोटली की चोथा वेगळा राहतो. ताक आंबटसर घ्यावे आणि त्याला डाळीचे पीठ आधीच लावावे, नाही तर ते चुलीवर फुटते. मंद आचेवर ढवळत राहायचे, मीठ आणि सुपारीएवढा गूळ, आणि शेवटी तुपाची फोडणी: जिरे, हिंग, हिरवी मिरची, आणि भरपूर ठेचलेला लसूण. लसणाबाबत आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मी लसणाच्या पक्षाची.

एवढा चाकवत तीन माणसांना संपणारा नव्हता. वाटीवाटीने तो जिन्यातील चार बिऱ्हाडांत गेला. संध्याकाळी वाट्या परत आल्या त्या रिकाम्या नव्हत्या; कोणी लोणचे घातले होते, कोणी साखर. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा स्वतः वाटी घेऊन आले आणि दारात बराच वेळ उभे राहिले. त्यांची पत्नी गेल्यापासून ही भाजी त्यांच्या पानात आली नव्हती.

पुढच्या रविवारी मी मावशींना म्हटले, "थंडी सुरू झाली की दर आठवड्याला पाच जुड्या आमच्या इमारतीच्या धरा. पैसे आगाऊ देते."

"पैसं र्‍हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पन न चुकता या. वाफा टाकला अन् तुम्ही दांडी मारली, तर मी काय म्हशीला घालू?"

दसऱ्यानंतर दोन रविवार परीक्षेच्या कामात गेले आणि दोन्ही वेळा जिवाला टोचणी लागून राहिली. परवा गेले ती आधी त्यांच्याच पाटीपाशी. चाकवत अर्थातच नव्हता. अजून वेळ होता. मी विचारायच्या आतच मावशींनी करंगळी वर केली आणि तिचे पेर दाखवले.

"एवढा झालाय," त्या म्हणाल्या.