केडगावचा भरवसा

विशीतच कलकत्त्याच्या विद्वानांकडून ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या संपादन केलेल्या रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु ख्रिस्तापुढील संपूर्ण शरणागतीचा अर्थ आपणांस त्यानंतर कित्येक वर्षांनी उमगला, असे त्यांनी स्वतःच निःसंकोचपणे नमूद करून ठेवले आहे.

अमेरिकेतील हितचिंतकांनी १८८७ मध्ये त्यांच्या कार्यासाठी केलेली मदतीची तजवीज दहा वर्षांच्या मुदतीची होती. ती मुदत सरत आली असतानाच १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि, पुढील खर्चाची हमी हाती नसताना, प्रार्थनेत लाभलेल्या प्रेरणेवर विसंबून शेकडो निराधार मुलींना आश्रय देत्या झाल्या. केडगावचे ‘मुक्ती’ सदन उभे राहिले ते यातूनच. अशाच भरवशावर, वर्गणीची याचना न करता अनाथालये चालविणारे ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर यांचे चरित्र त्यांच्या वाचनात आले होते.

मला मात्र त्यांची नम्रता सर्वाधिक जाणवते ती उत्तरायुष्यात: संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीने हिब्रू व ग्रीक आत्मसात करून बायबल उतरविले ते अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळावे अशा साध्या मराठीत. एप्रिल १९२२ मध्ये त्या निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.