चाकांवरचें बिऱ्हाड आणि हिंवाळ्याची रात्र

खानदेशाचें नांव निघालें कीं ऐकणाऱ्याच्या मनांत प्रथम उन्हाळा उभा राहतो. चाळीस अंशांपलीकडे चढणारा पारा, तापलेली काळी जमीन आणि ओस पडलेले दुपारचे रस्ते हीं या प्रदेशाचीं ओळखीचीं चित्रें होत. परंतु मार्गशीर्ष-पौषांतील रात्र येथें निराळी असते. नंदुरबार जिल्ह्यांतील कळसाडीसारख्या खेड्यांतून त्या दिवसांत पहाटे बाहेर पडणारा माणूस अंगावर जाडसर पांघरूण घेतल्याविना निघत नाहीं. आणि प्रवासाचे दिवसहि नेमके हेच. दत्तजयंतीला तापीच्या कांठीं सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिच्यांतील घोड्यांच्या बाजारासाठीं दूरदूरच्या प्रांतांतून लोक ट्रकांत जनावरें घालून येतात. हौशी मंडळी सातपुड्यांतील तोरणमाळ गांठतात. डोंगराळ भागांतील कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं घरदार सोडून निघालेलीं असतात. या सर्वांवर वाहनांत, नाहींतर वाहनाच्या आडोशाला, रात्र काढण्याचा प्रसंग येतो.

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी म्हण आहे. मालवाहू गाडीच्या हौद्यावर लहानशी खोली बसवून प्रवासास निघण्याची कल्पना या म्हणीसारखीच आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा फिरत्या घरांतून होणाऱ्या पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून तिच्याकडे अधिक लोकांचें लक्ष गेलें आहे. खोली दिसावयास सुंदर असावी, हें साहजिकच वाटतें. परंतु थंडीच्या प्रवासांत तिची परीक्षा दोनच प्रश्नांनीं होते. आंतली ऊब टिकते काय, आणि आंतली हवा बदलते काय? या दोहोंपैकीं पहिल्याकडे सर्वांचें लक्ष असतें; प्राण मात्र दुसऱ्यावर अवलंबून असतो.

थंडी कोठून येते हें प्रथम पाहिलें पाहिजे. हजार मीटर उंच चढलें म्हणजे हवा सरासरीनें सहा-साडेसहा अंशांनीं थंड होते. तोरणमाळची उंची ११०० मीटरांहून अधिक आहे; म्हणून शहाद्याच्या सपाटीवरून तेथें गेलेल्या माणसास थंडीचा फरक चटकन जाणवतो. दुसरें कारण आकाशाचें. निरभ्र रात्रीं जमीन, गवत आणि पत्रा आपली उष्णता वर आकाशाकडे सोडतात आणि भोंवतालच्या हवेपेक्षांहि थंड होतात. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं हवेचा पारा शून्यावर उतरलेला नसतांहि गवतावर हिमकण दिसतात, ते यामुळेंच. गाडीचें छप्पर हा असाच एक उघडा पत्रा असतो. शिवाय थंड हवा जड असल्यानें पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागीं सांठते. म्हणून मुक्कामासाठीं नाल्याची वा तलावाची अगदीं कांठाची जागा सोडून थोड्या उंचवट्यावर, शक्य तर झाडांच्या आडोशाला, गाडी उभी करावी. खर्च न करतां कांहीं अंशांची थंडी टाळण्याचा हा पहिला उपाय होय.

आतां गाडीची निवड. येथें निर्णय हौसेनें न करतां वजनानें करावा. टाटा कंपनीची २००५ सालीं निघालेली आणि लोकांनीं 'छोटा हत्ती' म्हणून नांवाजलेली गाडी सुमारें पाऊण टन माल नेते. तिचा हौदा सुमारें सात फूट लांब व पांच फूट रुंद असतो. तेवढ्या जागेवर पांच फूट उंचीची खोली उभारली, तर तिला बाहेरून १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे सहा तक्ते लागतात, आणि त्यांचेंच वजन दीडशे किलोच्या घरांत जातें. त्यावर लोखंडी सांगाडा, आंतलें अस्तर, बिछाना, कपाट व बॅटरी येते. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरांची टाकी शंभर किलो झाली. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर सुमारें तीस किलोंचा. अशी बेरीज करीत गेल्यास पाऊण टनाची मर्यादा पाहतां पाहतां जवळ येते, आणि घाट चढावयाचा तर अद्याप शिल्लक असतो. म्हणून दोघांच्या साध्या मुक्कामास लहान गाडी पुरेल. कुटुंब व सामान मोठें असल्यास दीड टनाच्या आसपास भार नेणारी पिकअप घ्यावी. दोन्ही गाड्यांत पाण्याची टाकी तळाशीं आणि चालकाच्या खोलीच्या जवळ ठेवावी. वजन जितकें वर व मागें जाईल, तितकी वळणावर गाडी कलण्याची भीति अधिक.

कायद्याकडेहि लक्ष हवें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें गाडीच्या मूळ रचनेंत नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीविना बदल करतां येत नाहीं. गाडी चालू असतांना मागच्या खोलींत कोणी बसूं वा निजूं नये, हा नियम तर कागदावर नसता तरी पाळावा लागला असता. कारण धक्का बसला असतां तेथें अडविणारें कांहीं नसतें.

खोली उबदार राहण्याचें रहस्य भिंतींच्या आंतल्या बाजूस असतें. लोखंडाचा पत्रा वारा अडवितो, उष्णता अडवीत नाहीं. उष्णता अडविते ती स्थिर हवा. घोंगडी उबदार लागते तीहि लोकरीच्या तंतूंत हवा अडकून राहिल्यामुळें. थर्माकोलमध्यें अशीच हवा कोंडलेली असते, म्हणून त्याचा एक इंच सुमारें साडेतीन इंच लांकडाचें काम करतो. याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. झोंपलेल्या दोन माणसांच्या शरीरांतून मिळून सुमारें दीडशे वॅट उष्णता बाहेर पडते. नुसत्या पत्र्याच्या खोलींत तेवढ्या उष्णतेनें हवा बाहेरच्यापेक्षां जेमतेम एक-दीड अंश उबदार होते. भिंतींना, छपराला आणि तळाला एक इंच अस्तर लावून वारा खेळता ठेवला, तरी तोच फरक पांच अंशांच्या आसपास जातो. बाहेर सहा अंश असतां आंत अकरा अंश, आणि तेंहि कोणताहि विस्तव न पेटवितां! थर्माकोल आग पकडतो, हें मात्र विसरूं नये. तो प्लायवुडनें पूर्ण झांकावा, किंवा त्याऐवजीं न जळणारी खनिज लोकर वापरावी. सांगाड्याच्या लोखंडी पट्ट्या उघड्या ठेवूं नयेत. पुष्कळ उष्णता त्या वाटेनें बाहेर धांव घेते.

तळाकडे सहसा दुर्लक्ष होतें. अंगावर तीन पांघरुणें घेऊनहि पाठ थंड राहते, ती खालून ऊब जात असल्यामुळें. जुन्या बैलगाड्यांत प्रवासाला निघतांना खालीं कडब्याचा वा पेंढ्याचा थर देऊन त्यावर गोधडी घालीत, त्यामागें हेंच शहाणपण होतें. फिरत्या घरांतहि बिछाना तळापासून उंच असावा आणि त्याखालीं हवा खेळावी. म्हणजे गादीच्या खालच्या बाजूस ओल धरत नाहीं.

ओल ही थंडीइतकीच त्रासदायक. दोन माणसांच्या श्वासांतून व घामांतून एका रात्रींत अर्ध्या लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपानें बाहेर पडतें. खोली घट्ट बंद केली तर तीच वाफ थंड कांचेवर आणि पत्र्यावर दंवासारखी जमते, पांघरुणें दमट होतात आणि दमट पांघरुणांतून ऊब निघून जाते. म्हणून एक झरोका तळाशीं आणि एक छपराजवळ, समोरासमोरच्या बाजूंस, असे दोन झरोके कायम उघडे असावेत. तळहाताएवढें भोंक पुरतें. पण त्यास बोळा घालण्याचा मोह टाळला पाहिजे.

हा मोह जेथें जिवावर उठतो तें ठिकाण म्हणजे शेगडी. कोळसा अपुऱ्या हवेंत जळूं लागला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहून नेला जातो, त्यास तो प्राणवायूपेक्षां दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकें दुखणें, घेरी येणें, मळमळणें, सुस्ती येणें हीं त्याचीं लक्षणें. परंतु निजलेल्या माणसास तीं जाणवण्यापूर्वींच शुद्ध हरपते. उत्तर हिंदुस्थानांत बंद खोलींत शेगडी ठेवून झोंपलेलीं माणसें सकाळीं मृत आढळल्याच्या बातम्या अनेक हिंवाळ्यांत आल्या आहेत. राखेखालीं झांकलेला निखाराहि हा वायु सोडीत राहतो. म्हणून झोंपण्याच्या खोलींत कोणताहि विस्तव नको, मग तो कोळशाचा असो वा गॅसचा; आणि ऊब यावी म्हणून उभ्या गाडीचें यंत्र चालू ठेवूनहि निजूं नये. स्वयंपाक दार उघडून किंवा बाहेर आडोशाला करावा. गॅसची गळती झाल्यास ती हवेपेक्षां जड असल्यानें तळाशीं सांठते. खालचा झरोका तेव्हांहि उपयोगी पडतो.

याहून कडक थंडीच्या मुलखांत, उदाहरणार्थ लडाखांत, जावयाचें झाल्यास साधनें बदलतात. तेथें डिझेलवर चालणारें तापक लागतें. तें ज्वलनाची हवा बाहेरून घेणारें आणि धूर बाहेरच सोडणारें असावें, आणि सोबत विषारी वायूची सूचना देणारी घंटा असावी. साधें डिझेल त्या थंडीत गोठूं लागतें, म्हणून इंडियन ऑइलनें २०१९ सालीं लडाखसाठीं उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें डिझेल काढलें. पाण्याचा बर्फ होतांना तो सुमारें नऊ टक्के फुगतो व नळ फोडतो. टाकी रात्रीं रिकामी करावी. लिथियमची बॅटरी शून्याखालीं भारित करूं नये.

सातपुड्यांतील मुक्कामास मात्र एवढा सरंजाम नको. ज्यांच्याजवळ प्लायवुड नाहीं, थर्माकोल नाहीं, केवळ ताडपत्री आणि चार गोधड्या आहेत, त्या ऊसतोडीच्या कुटुंबांसहि हेच नियम लागू पडतात. खालीं पाचटाचा जाड थर द्यावा, वाऱ्याच्या बाजूनें ताडपत्री घट्ट बांधून दुसऱ्या बाजूस वर फट ठेवावी, मुलांना मध्यें निजवावें, आणि शेगडी कितीहि हवीशी वाटली तरी ताडपत्रीच्या बाहेरच ठेवावी. महागड्या खोलींत आणि या आडोशांत सोयीचें अंतर मोठें असेल. पण जी चूक एकींत प्राणघातक ठरते, ती दुसऱ्यांतहि ठरते. उबेची उणीव एका जादा गोधडीनें भरून निघते. कोंडलेल्या हवेवर तसा उपाय नाहीं.