आतलं कोण बघतंय?

मार्च 2005 मध्ये ‘शक्तिमान’ संपलं, त्याला 20 वर्षं उलटून गेली. आठवणी निघतात त्या गिरक्यांच्या, गंगाधरच्या पुढे आलेल्या दातांच्या. तो मरून सूट अंगावर टिकत कसा होता, हे कुणी विचारत नाही. आता तर तो प्रश्नच निकालात निघालाय. 2019 च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’मधले कालप्रवासाचे पांढरे सूट शिवलेच नव्हते, संगणकावर रंगवले होते.

‘स्टार ट्रेक’च्या 1987 च्या मालिकेत विल्यम वेअर थाइस यांनी ताणल्या जाणाऱ्या कापडाचे अखंड सूट मुद्दाम लहान मापाचे शिवले. सुरकुती नको म्हणे! त्यातला नट पॅट्रिक स्ट्यूअर्ट याची पाठ धरली, तेव्हा तिसऱ्या पर्वात रॉबर्ट ब्लॅकमन यांनी लोकरी, दोन तुकड्यांचा गणवेश आणला. एवढी अक्कल चिंचपोकळीतल्या कुठल्याही शिवणवाल्या बाईने पहिल्याच ट्रायलला दिली असती.

माझं दशक नव्वदचं. 1982 च्या गिरणी संपानंतर आमच्या चाळींत घरोघरी मशीन खडखडू लागली होती. ब्लाउज, फॉल-पिको, आणि गणपतीत पोरांचे ड्रेस. सप्टेंबर 1997 मध्ये ‘शक्तिमान’ आलं, पुढच्या वर्षी मिलिंद सोमणचा ‘कॅप्टन व्योम’, आणि प्रत्येक पोराला अंगाला चिकटलेला सूट हवा झाला.

वरचं सोपं होतं. खरं काम आत. चड्डीची शिवण वर उमटते, म्हणून तिच्या कडा दुमडायच्या नाहीत, नुसतं ओव्हरलॉक. हात वर केला की सूट वर खेचला जातो आणि जांघेत काचतो, म्हणून काखेत नि जांघेत कळी. दंड फुगवायचे तर फोम जुन्या बनियनवर टाचायचा, सूटवर नाही. सूट धुता आला पाहिजे. पाय वर सरकू नये म्हणून तळव्याखाली इलॅस्टिक. पाठीवरच्या झुलीचं वजन गळ्यावर नको, ते हुकांनी आतल्या मांजरपाटाच्या बंडीवर घ्यायचं. चेनच्या मागे पट्टी, नाहीतर कातडी चिमटते.

त्याच सप्टेंबरात तिकडे ‘स्टार ट्रेक’च्याच ‘व्हॉयेजर’ मालिकेत नटी जेरी रायन आली. चंदेरी सूट, आत कॉर्सेट, आणि गळपट्टी इतकी आवळलेली की तिला भोवळ यायची. शू लागली की चित्रीकरण थांबायचं. आमच्या बायका पोराला आधी विचारायच्या, मगच चेन किती खाली न्यायची ते ठरवायच्या.

एका मंडळाच्या कार्यकर्त्याने शेजारच्या मावशींच्या बिलातून अस्तराचे पैसे कापले होते. “आतलं कोण बघतंय?” म्हणाला. त्याला मी अजून माफ केलेलं नाही, कारण त्याचंच राज्य आलं. आज बाजारात टांगलेले सुपरहिरो बघा. पॉलिएस्टरला थेट चिकटवलेला फोम, मानेला टोचणारं वेल्क्रो, अस्तर नाही, कळी नाही. पोराचा नंबर लागेपर्यंत ते घामाने निथळतं.

गॅदरिंगला असला सूट घ्याल, तर दुकानातच उलटा करून बघा. आतून सुती बनियन घाला. जवळपास मशीनवाल्या मावशी असतील तर जांघेत कळी घालून घ्या, आणि त्या सांगतील ते पैसे घासाघीस न करता द्या.